लाल गाडीचा विमा महाग असतो का?

‘लाल स्पोर्ट्स गाडीवाले बेफाम चालवतात, म्हणून विमा कंपन्या त्या रंगाला जादा हप्ता लावतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं काही नाही.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, हप्ता सरकार ठरवतं, तोही इंजिन बघून: १००० सीसीपर्यंत, १५०० पर्यंत आणि त्यापुढे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची सध्याची किंमत), गाडीचं वय, इंजिन आणि नोंदणीचं शहर यांवर. पुणं मुंबईसारखंच मोठ्या शहरांच्या ‘अ’ झोनमध्ये येतं. स्पोर्ट्स गाडीला जास्त पैसे पडतात ते मोठ्या इंजिनाचे नि किमतीचे.

खात्री करायची तर पॉलिसीतलं हप्त्याचं कोष्टक काढा. सीसी, आयडीव्ही, एनसीबी (म्हणजे क्लेम न केल्याची सूट) सापडेल. रंगाचा रकानाच नाही. ही सूट २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढते आणि ती मालकाची असते, गाडीची नव्हे. कोथरूडला आमच्या सोसायटीत लाल गाडीवाले एक काका आहेत. रविवारी पहाटे ताम्हिणीला जातात, परतल्यावर ओल्या फडक्याने एकेक चाक पुसतात. त्यांच्या पॉलिसीवर ५० टक्के छापलेले मी स्वतः पाहिलेत.

इंजिनात फेरफार केलात तर मात्र कंपनीला आधी कळवा; लपवलं तर क्लेम अडतो.