‘सूड उगवणे’मधलं उगवणे

‘वैराचं बी मनात रुजतं आणि कधीतरी उगवतं, म्हणून सूड उगवणे’ असा फॉरवर्ड अधूनमधून फिरतो. कल्पना सुरेख, पटकन पटणारी. पण वाक्यं बोलून पाहा. ‘बी उगवलं’, ‘सूर्य उगवला’: इथे कुणी काही करत नाही, ते आपोआप होतं. ‘तिनं सूड उगवला’ यात मात्र ‘तिनं’ लागतं. ‘ती सूड उगवली’ आपण म्हणत नाही. म्हणजे हे क्रियापद सकर्मक, वेगळ्या अर्थाचं. जुन्या मराठीत उगवणे म्हणजे गुंता सोडवणे, तसंच येणं वसूल करणे. वसुलीला ‘उगवणी’ म्हणत. म्हणजे सूड उगवणे हे जणू वैराचं येणं वसूल करणं. जुना मराठी कोश उघडून खात्री करता येईल. आणि हो, सूड कुणावर तरी उगवतात. ‘भावाचा सूड घेतला’ म्हटलं, तर भावावर की भावासाठी, हे विचारावं लागतं.