'पाळणा' चित्रातली आई बर्त मोरिझो नव्हे

मातृदिन आला की फ्रेंच चित्रकर्ती बर्त मोरिझोचं 'पाळणा' हे चित्र हमखास फिरतं आणि खाली ओळ असते: 'चित्रकर्तीने स्वतःला आणि आपल्या तान्हुलीला रंगवलं.' हे खरं नाही.

चित्र 1872 मधलं आहे. तेव्हा बर्तचं लग्नही झालं नव्हतं. एदुआर माने या चित्रकाराच्या भावाशी, यूजेनशी, तिचं लग्न झालं 1874 मध्ये आणि मुलगी ज्युली जन्मली 1878 मध्ये. पाळण्याशेजारी बसली आहे ती बर्तची बहीण एडमा आणि आत झोपली आहे एडमाची लेक ब्लांश.

एडमाचं नाव पुसलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. कारण तीही चित्रकार होती. दोघी बहिणी एकत्रच शिकल्या. 1869 मध्ये नौदलातल्या अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि एडमाचं चित्र काढणं जवळजवळ सुटलंच. हे कळल्यावर चित्र पुन्हा पाहा. तिचा दुमडलेला डावा हात आणि बाळाचा दुमडलेला हात एकमेकांचं प्रतिबिंब वाटतात. मधे पाळण्याची पातळ जाळी, बाळाला आपल्या नजरेआड करणारी. एडमाच्या चेहऱ्यावर माया आहेच. पण मला तिथे थकवा आणि विचारात हरवलेपणही दिसतं.

1874 मध्ये पॅरिसला भरलेल्या इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे प्रकाश आणि रंगांचा क्षणिक भास टिपणाऱ्या चित्रकारांच्या, पहिल्या प्रदर्शनात हे चित्र होतं, पण विकलं गेलं नाही. पुढे ते घरातच राहिलं. 1930 मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने घेतलं. आता ते ओर्से संग्रहालयात आहे.