मायक्रोवेव्ह बंद कधी पडतो, ते आधी बघा

मायक्रोवेव्हच्या पडद्यावर जास्त तापल्याच्या एररचा कोड झळकला, आतला दिवा लागतोय पण वरण गारच, की बहुतेक घरांतून पहिला फोन मेकॅनिकला जातो. फोन जरूर करा, पण त्याआधी एवढं आठवा: एरर आला कधी? सकाळी गार ओव्हनचं बटण दाबताक्षणी, की पंधरा-वीस मिनिटं सलग चालल्यावर? कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, पण या वेळेवरून निम्मं निदान घरीच होतं.

उशिरा येणारा एरर बहुधा खरोखरच्या तापण्याचा असतो. 800 वॉटचा म्हणून आणलेला ओव्हन प्लगमधून साधारण 1200 वॉट ओढतो. मधल्या 400 वॉटची उष्णता होते आणि तिचा मोठा वाटा मॅग्नेट्रॉनच्याच अंगात मुरतो. मॅग्नेट्रॉन म्हणजे 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी तयार करणारी नळी. तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची चळत असते आणि पंखा त्या पट्ट्यांमधून हवा रेटत राहतो. ही हवा अडली की काही मिनिटांत नळी भाजू लागते, आणि तिच्यावर बसवलेला थर्मोस्टॅट वीज तोडतो.

पंखा हवा गार करत नाही, स्वयंपाकघरात असेल तीच फिरवतो. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असताना दुपारी गॅस पेटलेल्या ओट्याजवळची हवा आणखी गरम. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ आणि तेवढीच कमी उष्णता वाहून नेणारी. फरक किरकोळ आहे. बिचाऱ्या सह्याद्रीवर खापर फोडू नका.

खरा घोटाळा जागेचा असतो. मॉड्युलर किचनच्या कप्प्यात ओव्हन फिट्ट बसवलेला, वर खिसेवालं प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर लोणच्याची बरणी. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच घुटमळते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. बाजूंना आणि वर किती जागा सोडायची हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते पान आपण सोडून बाकी पाककृतींची पानं वाचतो. ओव्हन शेगडीला लागून असेल तर फोडणीचा धूर जाळीवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि एक ओशट, राखाडी थर तयार होतो. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी जाळीसमोर धरून ओव्हन चालवून बघा. हवा आत घेणाऱ्या जाळीकडे पट्टी ओढली जायला हवी, बाहेर सोडणाऱ्या जाळीपाशी फडफडायला हवी. कुठेच हलली नाही, तर पंखा तरी बंद आहे किंवा वाट तरी. प्लग काढून कोरड्या ब्रशने जाळी साफ करा. पाणी किंवा स्प्रे मारू नका.

हवेची वाट मोकळी असूनही ओव्हन तापत असेल तर आत काय ठेवता ते बघा. नागलीचे पापड घ्या. पापड आत फिरत असताना एका बाजूला पांढरे ठिपके उमटतात, पसरतात, कड वर वळते, आणि शेजारचा भाग मात्र तसाच काळपट, कच्चा. आतल्या लहरींचे जोरकस आणि क्षीण पट्टे साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर असतात, म्हणून हे असं. पण मुद्दा वेगळाच आहे. लहरी शोषतं ते मुख्यतः पाणी, आणि पापडात ते नावापुरतं. उरलेल्या लहरी धातूच्या भिंतींवर आपटत राहतात आणि त्यातल्या काही मॅग्नेट्रॉनकडेच परततात. एकामागून एक वीस पापड भाजले, किंवा शेंगदाणे सलग भाजत बसलं, की थर्मोस्टॅट उडू शकतो. कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवा आणि दर चार-पाच पापडांनंतर दम घ्या. वेळ थोडा जास्त लागेल, लागू दे.

तापलेला मॅग्नेट्रॉन बंद पडण्याआधीच मंदावतो, कारण त्याची फेराइट चुंबकं उष्णतेने दुबळी होतात. हे घरी मोजता येतं. एक लिटर पाण्याचं तापमान घ्या, पूर्ण पॉवरवर एक मिनिट तापवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला 70 ने गुणा, तेवढे वॉट पाण्यात पोहोचले. 800 वॉटच्या ओव्हनमध्ये अकराएक अंश वाढायला हवेत. गार ओव्हनवर हा आकडा निम्म्यावर आला असेल, तर मॅग्नेट्रॉन थकला किंवा त्याला वीज पुरवणारा भाग बिघडला असं समजा.

आणखी एक सवय मोडायला हवी. स्वयंपाक होताच भिंतीवरचं बटण खटकन बंद करायची. कन्व्हेक्शननंतर, म्हणजे गरम हवेवर भाजून झाल्यावर, पंखा काही वेळ उगाच फिरत नाही. त्याला थांबवलं की आतली सगळी धग सर्किटवर येते.

एरर गार ओव्हनवर, सुरू करताक्षणी येत असेल तर ही सगळी साफसफाई व्यर्थ. तिथे बहुधा थर्मिस्टर, म्हणजे तापमान जोखणारा भाग, किंवा त्याची वायर गेलेली असते. तापमान वाढलं की थर्मिस्टरचा विद्युतरोध कमी होतो आणि बोर्ड त्यावरून ताप ओळखतो. थर्मिस्टर शॉर्ट झाला की बोर्डाला गार ओव्हनही भट्टीसारखा दिसतो. इथे स्वतः स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. आतल्या कपॅसिटरवर 2000 व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो.

मेकॅनिकला कोड सांगालच. किती मिनिटांनी आला आणि पंख्याचा आवाज होता का, हेही सांगा. थर्मोस्टॅट बघून तो ‘डायरेक्ट करून देतो’, म्हणजे थर्मोस्टॅट वगळून वायर थेट जोडतो, म्हणाला तर नको म्हणा. थर्मोस्टॅट ओव्हनमधल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे, नवाच बसवून घ्या.