आदल्या रात्री काय घडलं? चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी

आमच्या गावातल्या वाचनालयात मी संध्याकाळी पुस्तकं देण्या-घेण्याचं काम बघते. जानेवारी लागला की शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा सुरू होतात आणि मुलं थोरामोठ्यांची पुस्तकं मागायला येतात. मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी डॉ. आनंदीबाई जोशींवरचं भाषण पाठ करून आली आणि म्हणाली, "मॅडम, एकदा ऐकता का?" भाषण छान होतं. मध्यावर तिनं आवाज खाली आणला. आपलं दहा दिवसांचं बाळ गेल्यावर आनंदीबाई गोपाळरावांना काय म्हणाल्या, ती चार वाक्यं तिनं म्हटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी विचारलं, "ही वाक्यं कुठं मिळाली गं तुला?"

"मोबाईलवर आलं होतं. खरंच म्हणाल्या होत्या ना त्या असं?"

मजकूर तिनं दाखवला. ती वाक्यं कादंबरीतली, मालिकेतली, चित्रपटातली की कुणी घरी बसून लिहिलेली, याचा त्यात पत्ता नव्हता. खाली फक्त आनंदीबाईंचं नाव होतं, जणू त्यांनीच ती लिहून ठेवली असावीत. मी आमच्या चरित्राच्या कपाटाकडे गेले. तिथं श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' होती. शेजारी रणजित देसाईंची 'स्वामी' होती. दोन्ही कादंबऱ्या. आम्हीच त्या चरित्राच्या कपाटात ठेवल्या होत्या, तर त्या मुलीला काय दोष द्यायचा?

चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी यांची गल्लत आपल्याकडे फार होते, आणि तिला कारणंही आहेत. नावं खरी, गावं खरी, तारखा खऱ्या. मुखपृष्ठावर त्याच व्यक्तीचं चित्र. कादंबरीकारानं वर्षानुवर्षं कागद चाळलेले असतात, ते तो मनोगतात सांगतोही. मग फरक कुठं पडतो? आनंदीबाईंच्याच आयुष्यातली एक तारीख घेतली की तो चटकन दिसतो.

२४ फेब्रुवारी १८८३. आनंदीबाई तेव्हा अठराव्या वर्षात होत्या. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि बदलीमुळे दोघं श्रीरामपूरला राहत होती. हे श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, कलकत्त्याजवळचं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात त्या इंग्रजीतून बोलायला उभ्या राहिल्या. एक मराठी ब्राह्मण बाई नवऱ्याला मागे ठेवून समुद्र ओलांडणार, म्हणून गावात चर्चा आणि संताप दोन्ही होतं. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी स्वतःला विचारले आणि एकेकाचं उत्तर दिलं: मी अमेरिकेला का जाते, भारतात शिकायची सोय नाही का, एकटीच का जाते, परत आल्यावर जात मला वाळीत टाकणार नाही का, तिथं काही संकट ओढवलं तर काय करीन, आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते मीच का करावं. या भाषणाचा मजकूर उपलब्ध आहे. आज आपण तो वाचू शकतो.

आता आदली रात्र. २३ फेब्रुवारीला घरात काय झालं? गोपाळरावांनी भाषण म्हणून घेतलं का? बाईंना झोप लागली का? चुलीपाशी बसून त्या स्वतःशी काय पुटपुटल्या?

चरित्रकार इथं थांबतो. त्याच्याकडे एखादं पत्र असेल तर तो ते देईल, नसेल तर सरळ सकाळकडे जाईल. फार तर लिहील, 'आदल्या रात्री त्यांच्या मनाची घालमेल झाली असावी.' हे 'असावी' नीट पाहा. चरित्रकाराचा सगळा प्रामाणिकपणा त्या एका क्रियापदात असतो. 'बहुधा', 'पत्रावरून दिसते', 'असे सांगितले जाते' हे शब्द ज्या पुस्तकात पानोपानी भेटतात, तिथं लेखक आपल्याला सांगत असतो की इथवर माझ्या पायाखाली जमीन आहे आणि इथून पुढं नाही.

कादंबरीकाराला थांबून चालत नाही. त्याची गोष्ट त्या बंद खोलीतच घडायची असते. त्यामुळे तो दार उघडून आत जातो, समई लावतो, दोघांना बोलायला लावतो. तो 'असावी' लिहीत नाही, 'झाली' लिहितो. यात फसवणूक नाही. कादंबरी हा शब्द मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर छापून त्यानं तशी परवानगी आधीच घेतलेली असते. ती परवानगी आपण विसरतो.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आनंदीबाईंचं एक पत्र. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या या पत्रात त्या लहानपणी सोसलेलं एकेक मोजून सांगतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर, तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं मला कठीण आहे, असंही त्या लिहितात. ज्या माणसानं मारलं त्यानंच शिकवलं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. हजारो मैलांवरून, हातात लेखणी आल्यावर, पहिल्यांदा त्यांना ते त्यालाच सुनावता आलं.

चरित्रकार हे पत्र जसंच्या तसं पुढं ठेवतो. त्यातली वाक्यं एकमेकांशी पटोत न पटोत, तो ती जुळवून देत नाही. गोपाळराव हे सुधारक की क्रूर, हा निवाडा करण्याची घाई त्याला नसते. वाचकाला ते अवघड जातं, कारण हातात ठाम असं काही येत नाही. कादंबरीकाराला मात्र याच पत्रातून प्रसंग उभा करावा लागतो. लाकडाचा तुकडा कुणी, कुठं, कशावरून उचलला, त्या वेळी चुलीवर काय होतं, मुलगी रडली की गप्प राहिली, हे सगळं त्याला ठरवावं लागतं. ठरवलं की गोपाळराव एका स्वभावात बसतात, आनंदी एका स्वभावात बसते. वाचकाला ती माणसं घरच्यासारखी ओळखीची होतात. माझ्या ओळखीत कितीतरी जण आनंदीबाईंना 'आनंदी गोपाळ' याच नावानं ओळखतात. एका कादंबरीचं शीर्षक एका बाईचं नाव होऊन बसलं आहे. १९६८ साली आलेल्या त्या कादंबरीची ताकद एवढी, की पुढं नाटक, मालिका, चित्रपट त्याच नावाखाली आले.

कारण आणि परिणाम यांच्या बाबतीतही हा फरक पडतो. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं, म्हणून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, असं आपण सगळेच सांगतो. संबंध जोडणं स्वाभाविक आहे, कदाचित तो खराही आहे. पण फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजला पाठवलेल्या अर्जात त्यांनी दिलेलं कारण वेगळं आहे: माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदतीची फार गरज आहे, आणि पुरुष डॉक्टरकडून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील. चरित्रकाराला दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून, यातली कागदावर कुठली आहे ते सांगावं लागतं. कादंबरीकाराला बाळाचा पाळणा आणि कॉलेजचा अर्ज एका दोऱ्यात ओवता येतात. तो ओवतो, आणि आपण तो दोरा इतिहास म्हणून गळ्यात घालतो.

आता याच्या उलट. कधी कधी कादंबरीतली वाटावी अशी गोष्ट अस्सल असते. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं होतं: पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं, आणि पुढं स्वतःच्या घरात तिला मुलीसारखं ठेवून घेतलं. कुठल्या कादंबरीकारानं हे रचलं असतं, तर आपण म्हटलं असतं, योगायोग जरा जास्तच झाला. कॅरोलीन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेनं आनंदीबाईंना प्रत्यक्ष पाहिलं होतं आणि मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १८८८ साली, त्यांचं चरित्र छापलं. अशा पुस्तकांमुळे या गोष्टी टिकल्या. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं आणि सोबत पत्रंही दिली. शीर्षकातच 'चरित्र व पत्रे' असे शब्द आहेत. पत्रं दिली म्हणजे काशीबाईंनी आपलं म्हणणं तपासायचं साधन वाचकाच्याच हातात ठेवलं.

'संवाद दिसले की कादंबरी समजावी' अशी सोपी खूण काही जण सांगतात. ती चालत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडा. पान न् पान बोलण्यानं भरलेलं आहे, आणि तरी ती कादंबरी नाही. तिथं बोलणारी बाई स्वतः त्या खोलीत होती. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे शब्द तिला अक्षरशः आठवत असतील असं नाही, पण आठवण तिची आहे आणि तिची जबाबदारीही तीच घेते. म्हणून संवाद आहेत की नाहीत यापेक्षा, बोलणं ऐकायला लेखक तिथं होता का, आणि नसेल तर त्याला ते कुणी सांगितलं, हे विचारावं. डॉक्टरांचं असो, खेळाडूचं असो, तमाशातल्या कलावंतिणीचं असो, कुठल्याही आयुष्यावरच्या पुस्तकाला हा प्रश्न लागू पडतो.

ऐतिहासिक व्यक्तींच्या बाबतीत ही गल्लत जास्त महागात पडते. संभाजी महाराजांचं एक बदफैली, बेजबाबदार राजपुत्राचं चित्र मराठी नाटकां-कादंबऱ्यांतून पिढ्यान् पिढ्या रुजलं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षं कागदपत्रं गोळा करून १९६० साली चरित्र लिहिलं आणि ते चित्र पुसायला सुरुवात झाली. पुढं १९७९ साली शिवाजी सावंतांची 'छावा' आली आणि बदललेली प्रतिमा घराघरांत गेली. म्हणजे चित्र बिघडवलं ललित साहित्यानं, दुरुस्त केलं चरित्रकारानं, आणि दुरुस्ती लोकांपर्यंत नेली ती पुन्हा कादंबरीनं. पण आज कुणाशी या विषयावर बोलायला बसा, 'छावा'तले प्रसंग दाखले म्हणून येतात आणि बेंद्रे यांचं नाव क्वचित निघतं. चाळीस वर्षं एका माणसानं दप्तरांतली धूळ खाल्ली आणि त्याचंच नाव मागे पडलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. ज्यांच्याकडे ती कादंबरी असेल त्यांनी प्रस्तावना आधी वाचावी. पुराव्यांतून शिवाजी महाराज कसे दिसतात, हे तिथं एक विचक्षण अभ्यासक मांडतो, आणि पुढं कादंबरीकार त्याच माणसाला चालवतो-बोलवतो. एकाच बांधणीत दोन्ही रीती इतक्या जवळ दुसरीकडे मला सापडल्या नाहीत.

मी स्वतः आनंदीबाईंना पहिल्यांदा भेटले ती कादंबरीतूनच. सातवीच्या सुट्टीत, माळ्यावर बसून. त्या वयात कुणी मला पत्रसंग्रह दिला असता तर तो मी चार पानांत मिटला असता. म्हणून कादंबरी वाचू नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण कादंबरीनं मला त्यांच्यावर माया करायला शिकवलं, आणि चरित्रानं माझ्या मायेला न रुचणाऱ्या गोष्टी सांगितल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं मृत्यू. मध्ये वर्षसुद्धा पुरं नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली होती, पण तिथं काम सुरू होण्याआधीच आजारानं गाठलं. ज्या बायकांसाठी त्या इतक्या दूर गेल्या, त्यांची सेवा करायला वेळच मिळाला नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथं त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिच्यावर दगड उभा आहे. ती पाठवताना गोपाळरावांना काय वाटलं असेल, ते लिहायला कादंबरीकारच लागेल.

त्या मुलीशी मी तासभर बोलले. चार वाक्यं काढून टाक, असं मी म्हटलं नाही. म्हटलं, "ही वाक्यं हवी असतील तर 'कुणीतरी अशी कल्पना केली आहे' एवढं आधी सांग. नाहीतर श्रीरामपूरच्या भाषणातले सहा प्रश्न घे. ते त्यांचे स्वतःचे आहेत." तिनं प्रश्न घेतले. स्पर्धेत तिनं ते एकेक करून समोरच्यांना विचारले आणि प्रत्येकानंतर थोडी थांबली.

'आनंदी गोपाळ' आणि 'स्वामी' आता आमच्याकडे कादंबरीच्या कपाटात आहेत. चरित्राच्या कपाटातल्या त्यांच्या मोकळ्या जागी मी पुठ्ठ्याची एक पट्टी लावली आहे: 'या व्यक्तींवरच्या कादंबऱ्या समोरच्या कपाटात. दोन्ही न्या.'