धनुर्विद्येतील बाणाची निवड

विशिष्ट धनुष्य आणि ते ओढणारा तिरंदाज या दोघांनाही जुळेल असा बाणांचा संच ठरवण्याच्या प्रक्रियेस बाणाची निवड म्हणतात. दांडी म्हणजेच शाफ्ट, पुढचे टोक, मागची पिसे आणि दोरीत अडकणारी खाच म्हणजे नॉक, हे बाणाचे चार भाग होत. नवखा तिरंदाज बहुधा बाण कशाचा बनवला आहे आणि तो केवढ्याला मिळतो याचीच चौकशी आधी करतो; वास्तविक पहिला विचार दांडीच्या ताठपणाचा व्हायला हवा, कारण न जुळणाऱ्या ताठपणाचा महागडा बाण जुळणाऱ्या साध्या बाणापुढे हमखास मागे पडतो.

बोटांनी दोरी सोडताना ती बोटांवरून किंचित बाजूला घसरते, त्यामुळे बाणाच्या शेपटीला आडवा धक्का बसतो. त्याच क्षणी मागून आलेला जोर आणि पुढच्या टोकाचे जडत्व यांमध्ये सापडलेली दांडी वाकते, उलट दिशेने पुन्हा वाकते आणि अशी लवलवत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून लक्ष्याकडे निघते. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1930च्या दशकात केलेल्या अतिजलद छायाचित्रणातून ही हालचाल स्पष्ट दिसली. दांडी प्रमाणाबाहेर ताठ असेल तर हा वळसा अपुरा पडतो आणि फार मऊ असेल तर तो गरजेपेक्षा मोठा होतो. दोन्ही वेळा बाणाची शेपटी मुठीला घासण्याचा संभव असतो.

या ताठपणाला तिरंदाजांच्या बोलीत स्पाइन म्हणतात. 28 इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडी ठेवून मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगले असता ती जितकी झुकते, त्याचे इंचाच्या सहस्रांशातील माप म्हणजे तिची स्थिर स्पाइन होय. अर्धा इंच झुकणारी दांडी 500 क्रमांकाची ठरते. आकडा जितका लहान तितकी दांडी ताठ, हा उलटा हिशेब पक्का लक्षात ठेवावा लागतो. प्रत्यक्ष उड्डाणातील ताठपणा मात्र या आकड्यावरच ठरत नाही: दांडी लांब ठेवली, टोक जड बसवले किंवा धनुष्याचा जोर वाढवला की तीच दांडी अधिक मऊ असल्यासारखी वागते. त्यामुळे मित्राच्या धनुष्यातून सुरेख जाणारा बाण आपल्याही धनुष्यातून तसाच जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून निवडीपूर्वी दोन मापे घ्यावी लागतात, ती म्हणजे ओढीची लांबी, म्हणजे तिरंदाज दोरी किती मागे ओढतो ते अंतर, आणि पूर्ण ओढीला बोटांवर प्रत्यक्ष येणारा जोर. रिकर्व्ह म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या पात्यांवर, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या लवचीक बाहूंवर, छापलेला पाउंडांचा आकडा सामान्यतः 28 इंच ओढीचा असतो आणि ओढीतील दर इंचामागे जोर सुमारे 2 पाउंडांनी कमीजास्त होतो. 30 पाउंडांचे धनुष्य 26 इंचच ओढणाऱ्याच्या बोटांवर सुमारे 26 पाउंडच येतात; त्याने छापील आकड्यावरून बाण घेतले तर ते ताठ निघतील. या दोन मापांवरून उत्पादकांच्या तक्त्यात जवळची स्पाइन शोधता येते. बाणाची लांबी नॉकच्या तळापासून दांडीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात, तीत टोक धरत नाहीत. नवशिक्याचा बाण ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांब असणे हितावह असते, कारण आखूड बाण ओढताना टेकूवरून, म्हणजे मुठीवर बाण ठेवण्याच्या आधारावरून, मागे सरकून खाली पडू शकतो आणि तशात दोरी सुटली तर तो धनुष्य धरलेल्या हातातच घुसतो. शिवाय सरावाने ढब सुधारते तशी ओढही वाढत जाते.

तक्ता केवळ आरंभबिंदू देतो. निर्णय मैदानावर होतो. एकाच संचातील पिसे लावलेले आणि पिसे काढलेले बाण सुमारे 18 ते 30 मीटरवरून मारून ते कुठे लागतात हे पाहतात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण इतरांच्या डावीकडे लागला तर तो ताठ आणि उजवीकडे लागला तर मऊ समजावा. फरक थोडा असल्यास टोकाचे वजन किंवा मुठीवर बाणाला बाजूने टेकणाऱ्या बटणाची स्प्रिंग बदलून तो मिटवता येतो. मोठा असल्यास दांडीच बदलणे शहाणपणाचे. कंपाउंड म्हणजे कप्प्या बसवलेल्या धनुष्याची दोरी बोटांऐवजी यांत्रिक रिलीजने, म्हणजे दोरी सोडणाऱ्या खटक्याने, सोडली की आडवा धक्का फारच कमी बसतो, म्हणून त्याचे तक्ते वेगळे असतात.

लाकडी दांडी पारंपरिक धनुष्यांना शोभते, पण एकसारख्या दांड्या निवडून काढणे कष्टाचे असते. अॅल्युमिनियमच्या दांड्या मापाला अचूक असतात आणि शिकणाऱ्यास सोयीच्या पडतात. त्यांच्यावरील 1816 या क्रमांकाचा अर्थ बाहेरचा व्यास 18/64 इंच आणि भिंतीची जाडी 0.016 इंच असा होतो. कार्बनची दांडी हलकी, वेगवान आणि बारीक असते, त्यामुळे 70 मीटरवरच्या वाऱ्यात ती कमी भरकटते. बंदिस्त जागेत 18 मीटरवर मात्र जाड दांडी उपयोगी पडते, कारण लक्ष्यावरील वर्तुळाच्या रेषेला स्पर्श झाला तरी वरचे गुण मिळतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दांडीचा व्यास 9.3 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

हलक्या बाणाचा मोह आवरावा लागतो. कंपाउंडसाठी दर पाउंडामागे किमान 5 ग्रेन वजनाचा संकेत आहे, म्हणजे 50 पाउंडांच्या धनुष्याला निदान 250 ग्रेनचा, सुमारे 16 ग्रॅमचा बाण हवा. त्याहून हलका बाण धनुष्याची ऊर्जा पुरती घेत नाही आणि उरलेला हादरा पात्यांना सोसावा लागतो. वजनाचा तोल पुढे झुकलेला असावा. 28 इंची बाणाचा तोल नॉकपासून साडेसतरा इंचांवर साधत असेल, तर तो मध्यापासून लांबीच्या 12.5 टक्के पुढे आहे आणि लक्ष्यभेदासाठी तो योग्य मानला जातो. मुठीवरूनच बाण मारणाऱ्यांनी खरी पिसे घ्यावीत, कारण ती घासताना दबतात. टेकू असल्यास पिसांऐवजी प्लॅस्टिकची पिसेही चालतात.

संचातील सर्व बाण स्पाइन, लांबी आणि वजन या तिन्ही बाबतींत सारखे असले पाहिजेत. त्यांवर क्रमांक घातल्यास वारंवार एकाच बाजूला जाणारा बाण ओळखून वेगळा काढता येतो. कार्बनचा बाण कठीण वस्तूवर आदळल्यास तो पुन्हा वापरण्यापूर्वी दोन्ही टोके धरून हलकेच वाकवावा, फिरवत सर्व बाजूंनी तसेच करावे आणि कान देऊन ऐकावे. किंचितही करकर ऐकू आली किंवा चीर दिसली तर तो मोडून टाकावा, कारण असा बाण सुटताना फुटून त्याच्या कपच्या हातात घुसू शकतात.