घड्याळात साप आहे, हे माहीत असूनही

माझी भाची साडेतीन वर्षांची आहे. तिच्याकडे एरिक हिल यांचं 'व्हेअर्स स्पॉट?' हे १९८० साली पहिल्यांदा आलेलं चित्रांचं पुस्तक आहे. स्पॉट नावाचं पिल्लू जेवायची वेळ झाली तरी सापडत नाही, म्हणून त्याची आई घरभर त्याला शोधते. दारामागे आहे का? घड्याळात आहे का? प्रत्येक जागी कागदाची एक झडप. उघडली की दारामागे अस्वल, घड्याळात साप.

दिवाळीपासून हे पुस्तक आमच्याकडे शंभरदा तरी वाचून झालंय. घड्याळात साप आहे हे तिला पाठ आहे, मला पाठ आहे, तिच्या आजीला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. तरीही झडपेकडे बोट नेताना ही मुलगी श्वास रोखते. "उत्तर कळलं की कोडं संपलं, आता नवं पुस्तक आण," असं आजीचं म्हणणं. मला ते पटत नाही. का, ते सांगायला थोडं माकडांकडे जावं लागेल.

डोपामीन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं आपण सगळीकडे वाचतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या संशोधकाने माकडांच्या मध्यमेंदूत अतिसूक्ष्म तारा घालून डोपामीन बनवणाऱ्या पेशींचे विद्युत-ठोके मोजले, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी धडाधड ठोके देत. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांनी रस मिळाला तरी पेशी ढिम्म! ठोके आता खूण दिसताक्षणी पडू लागले. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमका ज्या क्षणी तो यायला हवा होता, त्या क्षणी ठोके नेहमीपेक्षाही कमी झाले. रस आनंदाचा होता, पण पेशी आनंद मोजत नव्हत्या. त्या अपेक्षा किती चुकली ते मोजत होत्या.

याचं गणित मला फार आवडतं, तेव्हा जरा सोसा. चूक = मिळालेलं वजा अपेक्षित. दर खेपेला मेंदू या चुकीतला काही हिस्सा, समजा ०.३, आपल्या अपेक्षेत मिळवतो. बक्षीस १०० गुणांचं आणि सुरुवातीची अपेक्षा शून्य धरली, तर पहिल्या खेपेनंतर अपेक्षा ३०. आता चूक ७०, तिचे ०.३ म्हणजे २१, म्हणून अपेक्षा ५१. पुढे ६५.७, मग ७६च्या आसपास. चूक आटत जाते, तसं शिकणंही आटतं. याच्या सुधारित आवृत्तीत एक पद वाढतं: चूक = मिळालेलं + पुढच्या क्षणाची अपेक्षा − या क्षणाची अपेक्षा. या एका पदामुळे आश्चर्य काळात मागे सरकतं. रसाकडून खुणेकडे, आणि खुणेच्याही आधी दुसरी खूण असेल तर तिच्याकडे. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी माकडांचे ठोके या समीकरणाशी जुळवून दाखवले.

आता शंभराव्या वाचनाकडे या. समीकरण म्हणतं, सगळं आश्चर्य सरकत सरकत अगदी सुरुवातीला जायला हवं. जातंच! मी फळीवरच्या पुस्तकाकडे हात नेला की ती उड्या मारायला लागते. मग झडपेपाशी श्वास का रोखते? इथे एक पुरवणी हवी. २०१३ साली ॲन ग्रेबिएल यांच्या गटाला दिसलं, की ओळखीच्या वाटेनेसुद्धा उंदीर खाऊकडे जाऊ लागला की डोपामीनची पातळी चढत जाते, जितकं जवळ तितकी जास्त. या चढाचा अर्थ काय यावर वाद आहेत. आणि उंदराच्या वाटेवरून घड्याळातल्या सापापर्यंतची उडी माझी स्वतःची आहे, भाचीच्या डोक्यात तार घालून कुणी पाहिलेलं नाही.

पण लहान मुलं अपेक्षा बांधून बसतात, याला पुरावा आहे. पदराआड तोंड लपवून 'कुऽऽक' करायचा आपला खेळ घ्या. १९८९ साली पॅरट आणि ग्लाइटमन यांनी सहा ते आठ महिन्यांच्या बाळांशी तो खेळताना मधूनच लपलेल्याऐवजी दुसराच माणूस बाहेर काढला. बाळं कमी हसली. म्हणजे नुसतं दचकणं हा खेळ नव्हे. जे येणार तेच आलं, यात गंमत आहे. मी एकदा घड्याळात साप नाही, मगर आहे असं वाचलं, तर पुस्तक माझ्या हातून ओढून घेण्यात आलं.

उत्तराआधीच्या थांब्याचा आणखी एक गुण. २०१४च्या एका प्रयोगात तरुणांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून उत्तरासाठी १४ सेकंद ताटकळत ठेवलं आणि मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या उत्तराची उत्सुकता जास्त, त्याच्या वाट पाहण्यात दिसलेला चेहराही नंतर जास्त लक्षात राहिला, चेहऱ्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नसताना. म्हणून वाचताना "काय असेल गं?" विचारून गप्प बसावं. आपल्याला ते जमत नाही, आपणच झडप उघडतो.

झडपा मात्र सर्वगुणसंपन्न नाहीत. २०१०च्या सुमारास ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांना आढळलं, की नवीन शब्द किंवा माहिती शिकवायची असेल तर उघडझाप करायच्या पुस्तकांपेक्षा साध्या चित्रांच्या पुस्तकातून लहान मुलं जास्त शिकतात. बोटं कागदात गुंततात.

आणि मध्यमेंदू हा शब्द ऐकून कुणाचे कान टवकारले असतील तर एक सांगतो. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे महागडे वर्ग आपल्याकडेही निघाले होते. नाकाशेजारची फट नीट बुजवली की ही विद्या लुप्त होते. मध्यमेंदू कुणी सुरू करून द्यावा लागत नाही. तो बंद असता तर पोराला डोळेसुद्धा फिरवता आले नसते.

आमच्या आजीकडे कोड्यांचा स्वतःचा साठा आहे. 'कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर मारली बुक्की, तिच्या घरभर लेकी.' भाचीला हे अजिबात कळलं नव्हतं. एका वस्तूला दुसरीच्या वेषात ओळखणं साडेतीन वर्षांना जडच. मग परवा आजीने ओट्यावर लसणाचा गड्डा ठेवून वरून बुक्की मारली आणि पाकळ्या फरशीभर उधळल्या. तेव्हापासून भाची रोज एक गड्डा फ्रॉकमागे लपवून आजीसमोर उभी राहते, "सखी कोण?" म्हणून विचारते, आणि आजीने उत्तर लगेच दिलं तर रागावते.