घशातील रुचिकलिका

सस्तन प्राण्यांच्या मृदू तालूवर, ग्रसनीत, अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी आणि विशेषतः स्वरयंत्राच्या तोंडाभोवती आढळणारी सूक्ष्म संवेदी इंद्रिये. रचनेने ती जिभेवरील रुचिकलिकांसारखीच, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांसारखीच असतात. कार्याबाबत मात्र मतभेद आहेत. एपिग्लॉटिसवर, म्हणजे श्वासमार्गावरील पानाच्या आकाराच्या लवचिक कूर्चेच्या झाकणावर, त्या मुख्यतः स्वरयंत्राकडील बाजूला असतात. सोलापूर जिल्ह्यात धनगर समाज मेंढ्या पाळतो; मेंढी हाच या संशोधनातील एक प्रमुख प्रयोगप्राणी ठरला. मटणाच्या दुकानात मुंडी साफ करताना जिभेच्या मुळामागे हे फिकट पान सहज दिसते, पण त्यावरील कलिका नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

रचना : प्रत्येक कलिकेत साधारणपणे ५० ते १०० लांबट पेशी कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकमेकींना बिलगून असतात आणि त्यांची टोके एका रंध्रापाशी उघडतात. जिभेवरच्या कलिका उंचवट्यांवर किंवा त्यांच्या भिंतींत असतात. घशात असे उंचवटे नसून कलिका थेट अधिस्तरात, म्हणजे पृष्ठभागावरील पेशींच्या थरात, रुतलेल्या असतात. आधार देणाऱ्या, गोड-कडू-उमामी (मांसरसासारखी चव) ओळखणाऱ्या व आंबट ओळखणाऱ्या अशा तीन प्रकारच्या प्रौढ पेशी आणि तळाशी असलेल्या अपक्व पेशी हे वर्गीकरण मूलतः जिभेवरील अभ्यासातून आले असून ते घशाला लावताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. स्वरयंत्रातील कलिकांना व्हेगस या दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या ऊर्ध्व स्वरयंत्र शाखेचे तंतू मिळतात.

संशोधनाचा मागोवा : माशांच्या त्वचेतील अशा इंद्रियांचे वर्णन लायडिग यांनी १८५१ मध्ये केले. सस्तन प्राण्यांच्या जिभेतील कलिका लोवेन व श्वाल्बे यांनी १८६७ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिल्या. एपिग्लॉटिसवरील कलिका त्यानंतर लवकरच नोंदल्या गेल्या.

कार्य : या कलिका चव घेतात का, हा वादाचा मुद्दा आहे. गिळताना अन्न त्यांच्यावरून क्षणभर सरकते आणि झाकण मिटत असल्याने स्वरयंत्राकडील बाजूला ते सहसा पोचतच नाही. त्यामुळे रुची ओळखण्यात त्यांचा वाटा अल्प असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तंत्रिकेतील विद्युत-संकेतांच्या नोंदींत साधे पाणी व आम्ले यांना जोरदार, तर शरीरद्रवांइतक्या खारट, म्हणजे सुमारे ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाला फारच क्षीण प्रतिसाद मिळतो. म्हणजे इथे गोड-कडूपेक्षा ‘हा द्रव आपला की परका’ हा निवाडा महत्त्वाचा दिसतो. नवजात कोकरांच्या स्वरयंत्रात पाणी सोडले असता श्वास थांबतो व गिळण्याची क्रिया सुरू होते. खारट द्रावणाने तसे होत नाही.

हा प्रतिसाद कलिकांतून उगम पावतो की मोकळ्या तंत्रिकाग्रांतून, याविषयी दीर्घकाळ दुमत होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांनी पहिल्या बाजूला बळ दिले. व्हेगसमधील विशिष्ट तंत्रिकापेशींची टोके स्वरयंत्रातील कलिकांना लगटून असतात, अधिस्तरातील पेशी त्यांना एटीपी या रेणूमार्फत इशारा देतात आणि त्या तंत्रिकापेशी नष्ट केल्यास पाणी व आम्ल यांविरुद्धची संरक्षक क्रिया मावळते, असे त्यांत दिसून आले. इतर जातींत हे कितपत लागू पडते, हे त्यांवरून ठरत नाही.

तिखटाचा ठसका मात्र या कलिकांच्या खात्यावर टाकणे चुकीचे होय. सोलापुरात कडक भाकरीबरोबर शेंगाचटणीचा कोरडा कण चुकून श्वासमार्गाकडे गेला की जो ठसका लागतो, त्यात मिरचीतील कॅप्सेसिन वेदना व उष्णता जाणणाऱ्या तंत्रिकाग्रांवर काम करते; त्यासाठी रुचिपेशींची गरज नसते. ठसक्यावर घाईने प्यालेले पाणी स्वरयंत्रात उतरलेच, तर मात्र कलिकांचे काम सुरू होते.